पहिल्या नंबराची खोली

सहामाही परीक्षेचा निकाल लागला तेव्हा रघ्याचा नंबर दुसरा आला. त्याहून वाईट म्हणजे सुकऱ्याचा पहिला आला.

एरवी रघ्यानं हे सोसलं असतं. सुकऱ्या त्याच्याच खोलीतला, त्याच्याच शेजारी कांबळं टाकणारा मुलगा. खोडाळ्याच्या पुढं डोंगरात असलेल्या एका पाड्यावरचा, बोलायला मऊ आणि वागायला सरळ. त्याचा नंबर कधी पुढं गेलाच, तर जामसरचा रघ्या दोन दिवस गप्प राहायचा आणि तिसऱ्या दिवशी विसरून जायचा. पण या खेपेला बोर्डिंगच्या मास्तरांनी निकालाच्या कागदाखाली आणखी एक ओळ लिहिली होती : 'पहिल्या नंबराच्या विद्यार्थ्यास अभ्यासासाठी स्वतंत्र खोली मिळेल.'

ही ओळ रघ्यानं चार वेळा वाचली. चारही वेळा तीत सुकऱ्याच होता.

जव्हारला संस्थान होतं तेव्हाची ही गोष्ट. डोंगरातल्या पाड्यांवरची मोठी मुलं बोर्डिंगात राहून सातवीच्या फायनल परीक्षेचा अभ्यास करत. फायनल झालेल्या मुलाला शाळामास्तर होता येई, आणि आपल्या गावात मास्तर म्हणून परत जाणं याहून मोठं काही कुणाच्या मनात येत नसे. बोर्डिंगात एकेका खोलीत चौघं. चार नंबरच्या खोलीत रघ्या, सुकऱ्या, लक्ष्या आणि जिवा. चार पेट्या, चार कांबळी आणि एक कंदील. कंदील मधोमध ठेवला की चौघांच्या डोक्यांच्या सावल्या चौघांच्या पुस्तकांवर पडत. लक्ष्या मोठ्यानं ओरडून पाठ करायचा. एवढं करून त्याच्या स्वतःच्या डोक्यात काही राहत नसे. बाकी तिघांच्या मात्र राहायचं. जिवा वाचताना पाय हलवायचा आणि त्याच्याबरोबर पेट्याही हलायच्या.

आणि स्वतंत्र खोली? ती पूर्वी लाकूडफाट्याची होती. मास्तरांनी ती रिकामी करवून चुना मारून घेतला होता. आत एक बैठं मेज, एक खिडकी, एकट्याचा कंदील आणि दाराला आतून कडी. जेवायला उठून वेळ जाऊ नये म्हणून पहिल्या नंबराचं ताटसुद्धा खोलीत पोचवायचं, असं मास्तरांनी ठरवलं होतं. रघ्याला कंदिलाचं वाईट वाटलं, ताटाचं वाटलं. पण सगळ्यात जास्त त्या कडीचं वाटलं. आपण आत, सगळं जग बाहेर आणि मध्ये कडी!

सुकऱ्याची पेटी न्यायची वेळ आली तेव्हा एका बाजूनं रघ्यानं धरली. धरली नसती तर त्याच्या मनातलं सगळ्यांना कळलं असतं.

"फार चांगली खोली हाय रे," पेटी ठेवताना रघ्या म्हणाला.

"हाय ना," सुकऱ्या चारी भिंतींकडं बघत बारीक आवाजात म्हणाला.

त्या बारीक आवाजातही रघ्याला गर्व ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सुकऱ्या चार नंबरमध्ये आला. "वात आहे का रे कंदिलाची?"

"तुझ्या कंदिलाला वात नाय?"

"हाय. पण दुसरी असावी जवळ."

वात घेऊन तो लगेच गेला नाही. लक्ष्याच्या पेटीवर बसला, लक्ष्या ओरडून म्हणत असलेली नद्यांची नावं ऐकत राहिला. संध्याकाळी तो सुई मागायला आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी तारीख विचारायला आला.

"कसं वाटतंय एकट्याला?" जिवानं विचारलं.

"शांत हाय," सुकऱ्या म्हणाला. "फारच शांत हाय. उंदीर चालला तरी ऐकू येतो."

तो गेल्यावर रघ्या लक्ष्याला म्हणाला, "बघितलंस? रोज येतो आणि आपली शांतता दाखवून जातो."

"मला तर तो खंगल्यासारखा वाटला," लक्ष्या म्हणाला.

"तुझा शेवटून पहिला नंबर आहे. तुला काय कळतंय!"

बाजाराच्या दिवशी रघ्या दौतीसाठी शाई आणायला गेला. तिथं मिरच्यांच्या ढिगापाशी त्याला सुकऱ्याची आत्या भेटली. सकू आत्या वर्षातून दोन-तीनदा मोखाड्याकडून जव्हारच्या बाजाराला यायची आणि भाच्यासाठी फडक्यात काहीतरी बांधून आणायची.

"पोऱ्या बरा हाय ना आमचा?" तिनं विचारलं.

रघ्यानं खरं तेच सांगितलं. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. "तो आता आमच्यात नसतो, आत्या. त्याला वेगळ्या खोलीत ठेवलाय. एकट्याला. त्याचा कंदील वेगळा, त्याचं ताटपण वेगळं, तिथंच नेऊन देतात. दार लावून घेतात."

शब्द खरे होते, पण ते बोलताना रघ्याचं तोंड कारल्याचा रस प्यायल्यासारखं झालं होतं. सकू आत्यानं शब्द ऐकले आणि तोंड बघितलं.

आता त्या डोंगरातल्या घरांचं सांगायला हवं. तिथं एका चुलीभोवती दहा माणसं निजतात. म्हातारं निजतं, तान्हं निजतं, आलेला पाहुणा निजतो, दाराशी शेळी निजते. एकटं कोण असतं? ज्याच्या अंगावर देवीचे फोड आलेत तो, नाहीतर ज्याला पंचांनी बाहेर काढलंय तो. त्याची झोपडी वेगळी, त्याचं ताट वेगळं, आणि ते दाराशी नेऊन ठेवायचं. तिसरा प्रकार सकू आत्याला ठाऊक नव्हता.

"कवापासून?" तिनं हळूच विचारलं.

"झाले की आठ दिवस," रघ्या म्हणाला आणि एक लांब उसासा टाकला.

मिरच्या तशाच टाकून सकू आत्या वाटेला लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी बोर्डिंगच्या अंगणात सात माणसं उभी होती. पुढं सुकऱ्याचा आजा, तुकाबाबा. कमरेला कोयता, हातात काठी. मागं सकू आत्या, काखेत कोंबडी धरून. बाकीची पाच पाड्यावरची माणसं. मास्तर दात घासत होते, ते तसेच बाहेर आले.

"आमचा पोऱ्या कुठं ठेवलाय?" तुकाबाबानं विचारलं. "त्याला काय झाला? का त्यानं काय केला?"

"काय झालं? काही नाही झालं! आनंदाची गोष्ट आहे. तो पहिला आला."

"पहिला आला."

"हो."

"म्हनून त्याला एकटा टाकला?"

"टाकला नाही हो, मान आहे तो! मान!"

तुकाबाबानं मागच्या माणसांकडं बघितलं. माणसांनी एकमेकांकडं बघितलं. मग त्यानं शांतपणे विचारलं, "पहिला आला तर ही गत. मग मास्तर, शेवटचा आला असता तर काय केला असता तुमी?"

"बाबा, शेवटचा मी आलोय," चार नंबरच्या दारातून लक्ष्या म्हणाला. "मला काय नाय केलं. मी सगळ्यांबरोबर हाय."

"बघा!" तुकाबाबा म्हणाला.

मास्तरांनी लक्ष्याकडं बघितलं. ते सगळ्यांना घेऊन स्वतंत्र खोलीकडं गेले. दार उघडलं. सुकऱ्या मेजापाशी बसला होता. आत्यानं त्याच्या कपाळाला हात लावला, पोटऱ्या दाबून बघितल्या, जीभ बाहेर काढायला लावली. तुकाबाबानं कौल बघायला कनवटीचे तांदूळ काढून मेजावर टाकले आणि दोन-दोन दाणे बाजूला करत बराच वेळ पाहिले. शेवटी एक दाणा उरला.

"एकटा पडला," तो दाण्याकडं बोट करून म्हणाला. "झोप येते का र?"

आठ-दहा दिवस 'शांत हाय, शांत हाय' म्हणणाऱ्या सुकऱ्याचा चेहरा हलला. मास्तर समोर उभे होते, पण आजाही समोर होता.

"नाय येत, आजा," तो म्हणाला. "डोळा लागला की वाटतं, सगळी मला सोडून गेली."

दाराशी उभ्या असलेल्या रघ्यानं हे ऐकलं. त्याला क्षणभर सुकऱ्याची दया आली. मग लगेच राग आला. एवढी चांगली खोली मिळाली आणि याला ती नीट वापरतासुद्धा येत नाही! आपल्याला मिळाली असती तर आपण कसे झोपलो असतो!

"आता आमी आलो," तुकाबाबा म्हणाला. "आमी बसतो त्याच्याजवळ."

"बसा की, दुपारपर्यंत बसा," मास्तर म्हणाले.

"बरोबर हाय मास्तर," तुकाबाबा म्हणाला आणि कमरेचा कोयता सोडून खुंटीला अडकवला.

भात झोडून झालं होतं. शेतात काही काम नव्हतं, माणसांना सवड होती. दोन गेली तर तीन आली. तुकाबाबा आणि सकू आत्या मात्र हललीच नाहीत. मास्तर रोज येऊन सांगत की हे नियमात बसत नाही. तुकाबाबा रोज म्हणे, "बरोबर हाय मास्तर," आणि सरकून त्यांना बसायला जागा करून देई. चौथ्या दिवशी मास्तर बसले. सकू आत्यानं त्यांना नागलीची गरम भाकरी दिली; भाजलेली सुकी मासळी दिली नाही, कारण ती ते खात नसत. वालाच्या शेंगा दिल्या. त्या खाल्ल्यावर नियमाची भाषा थोडी मऊ झाली.

सुकऱ्याच्या गालांवर मांस चढलं. तो आता पुस्तक मोठ्यानं वाचायचा आणि ऐकणारे मध्येमध्ये अडवायचे.

"थांब, थांब. राजा पळाला म्हनतोस. मागच्या दाराला कुणी नव्हता?"

"नसेल, आजा."

"नसेल म्हंजे? बघ पुस्तकात."

मग सुकऱ्याला धडा परत काढावा लागायचा, आणि एकदा असा धडा परत काढला की तो विसरायची सोय राहत नसे. भूगोलात तर आणखी मजा. कुठली नदी कुठं उगम पावते हे सुकऱ्या सांगे आणि तुकाबाबा ती नदी पायी ओलांडायचा उतार कुठं आहे, तिथं मासळी कोणती, हे सांगे.

चार नंबरमध्ये रघ्या पुस्तक उघडून बसायचा. अंगणापलीकडून हसू यायचं, भाकरीचा वास यायचा. पान तेच राहायचं.

"मी सांगितलं म्हणून ही माणसं आली," तो लक्ष्याला म्हणाला. "नाहीतर बसला असता उंदीर ऐकत."

"मग तू खूश व्हायला पाहिजे."

"मी खूशच हाय!" रघ्या ओरडला.

जामसरहून आलेल्या माणसाबरोबर रघ्यानं आईला निरोप धाडला : जीव बरा नाही, येऊन जा. आई रामी मुलावर जीव टाकणारी बाई. दोन दिवसांत निरोपाचा जबाब आला. त्या माणसानं तो जसाच्या तसा सांगितला. "आई इचारते, खोलीत संगती कोन हाय?"

"दोघं आहेत."

"मग बरा होशील, म्हनली."

अशात मास्तरांना एक लखोटा आला. तो वाचून ते खालीच बसले. महिन्यापूर्वी त्यांनी मोठ्या हौसेनं शिक्षणखात्याला लिहून कळवलं होतं की आम्ही हुशार विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र खोलीचा प्रयोग चालवला आहे. आता तो प्रयोग बघायला शाळा तपासणारे दिपोटी साहेब स्वतः येत होते. उद्याच.

मास्तर धावत खोलीकडं गेले. प्रयोगात नऊ माणसं होती. मेजावर सकू आत्या शेंगा सोलत होती.

"तुकाबाबा, उद्या सकाळपुरती खोली मोकळी करा. हात जोडतो."

"बरोबर हाय मास्तर," तुकाबाबा म्हणाला. "सुकऱ्या जाईल तिथं आमी जाऊ. सुकऱ्या इथं, तर आमी इथं."

मास्तरांनी विचार केला. सुकऱ्याला चार नंबरमध्ये हलवलं तर माणसं हलतील. पण मग स्वतंत्र खोलीत विद्यार्थी कोण दाखवायचा?

"मास्तर, मी बसतो," रघ्या म्हणाला. तो खिडकीबाहेरच उभा होता.

सकाळी सगळं बिऱ्हाड चार नंबरमध्ये गेलं. रघ्या स्वतंत्र खोलीत शिरला. त्यानं दार लावलं, कडी घातली, काढली, परत घातली. मेजापाशी बसून पुस्तक उघडलं. इतकी छान शांतता त्यानं जन्मात ऐकली नव्हती.

शांततेत मेजाखालून आवाज आला. "कॉक्!"

सकू आत्याची कोंबडी मेजाखालच्या टोपलीत बसून अंड्याच्या तयारीत होती. तिला बाहेर न्यायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रघ्या तिला धरायला वाकला तोच दारावर टकटक झाली. कडी काढावी लागली. दारात मास्तर, आणि मास्तरांपुढं कोट, फेटा आणि मिशा घातलेले दिपोटी साहेब.

"बस, बस," साहेब म्हणाले. "काय वाचतोस?"

"भूगोल, साहेब."

"कॉक्!"

"वैतरणा!" रघ्या सगळी ताकद लावून ओरडला. "पिंजाळ! सूर्या! देहरजी!" कोंबडी जसजशी जोरात येई तसतसा रघ्याही चढत गेला. नद्या संपल्यावर डोंगर घेतले, डोंगर संपल्यावर घाट घेतले. त्याच्या कपाळावरच्या शिरा फुगल्या. अंडं पडलं आणि कोंबडी गप्प झाली, तेव्हा रघ्या थळघाटात होता. तोही तिथंच थांबला.

साहेब भारावून गेले. "इतका तल्लीन मुलगा मी पाहिला नाही," ते मास्तरांना म्हणाले. "एकांताचा हा गुण!"

जाताना त्यांनी चार नंबरमध्ये डोकावलं. तिथं बारा-तेरा माणसं दाटीनं बसून सुकऱ्याचं वाचन ऐकत होती. "पालक भेटीला आलेत," मास्तर घाईनं म्हणाले. "उत्तम," साहेब म्हणाले आणि शेरेबुकात लिहून गेले : 'स्वतंत्र खोलीतील विद्यार्थी अत्यंत उत्साही आढळला. परीक्षेपर्यंत त्याची खोली बदलू नये. त्याचे दार लावलेले असावे व त्याच्याशी कोणी बोलू नये.'

मास्तरांनी तो शेरा सगळ्यांना वाचून दाखवला. दिपोटींचा शेरा मोडायची कुणाची छाती नव्हती. खोली रघ्याची झाली.

"चालेल मास्तर!" सुकऱ्या म्हणाला. तो इतक्या पटकन आणि इतक्या आनंदानं म्हणाला की रघ्याला फसल्यासारखं झालं. खोली मिळेल तेव्हा समोरच्याचं तोंड पडलेलं असेल, असं त्यानं एक महिना मनाशी रंगवलं होतं. खोली मिळाली, पडलेलं तोंड मिळालं नाही.

पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या दिवशी रघ्यानं भिंतीवरचे चुन्याचे फुगे मोजले. ताट आलं, आणणारी रुपीबाई ते ठेवून एक अक्षर न बोलता गेली. "काय भाजी?" त्यानं विचारलं. तिनं तोंडावर बोट ठेवून शेरेबुकाच्या दिशेला मान केली. तिसऱ्या दिवशी लक्ष्याचं ओरडणं नीट ऐकू यावं म्हणून तो खिडकीला कान लावून बसला. चौथ्या दिवशी तो चार नंबरच्या दाराशी उभा राहिला.

"वात आहे का रे कंदिलाची?"

लक्ष्यानं वात दिली आणि शेरा मोडू नये म्हणून तोंड उघडलं नाही. तुकाबाबाला मात्र शेरा वाचता येत नव्हता. तो भाकरी मोडता मोडता थांबला. "काय र, सुकलास का?"

"मलाही एकट्याला ठेवलाय, बाबा," रघ्या म्हणाला.

"नाय नाय," तुकाबाबा म्हणाला. "सुकऱ्याला ठेवला होता. तू मागून घेतलास."

वात घेऊन रघ्या गेला आणि आत जाऊन त्यानं कडी घातली. ती घातल्याचा आवाज अंगणापलीकडं गेला.

तुकाबाबानं त्या दाराकडं बघितलं. मग त्यानं कनवटीचे तांदूळ काढले, पाहिले आणि सकू आत्याला जवळ बोलावलं.

"आपल्या पोऱ्याला लोकांनी कोंडला होता. ह्यो सोताच सोताला कोंडतो. ह्याचा दुखना मोठा हाय, सकू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर कचेरीत बसले होते. सुकऱ्या आला आणि समोर उभा राहिला. चेहरा उतरलेला होता.

"मास्तर, मला माझी खोली परत पाहिजे."

मास्तरांनी चष्मा काढला. "अरे, तुला तिथं झोप येत नव्हती ना?"

सुकऱ्यानं खिडकीतून स्वतंत्र खोलीकडं बोट केलं. तिचं दार सताड उघडं होतं. उंबऱ्यावर सकू आत्या शेंगा सोलत होती. आत पाड्यावरची माणसं गोल करून बसली होती, आणि मधोमध रघ्या पुस्तक मांडीवर घेऊन वाचत होता. तुकाबाबा त्याला अडवत होता. रघ्याच्या हातात अर्धी भाकरी होती.

"मास्तर, तुम्हीच न्याय करा," सुकऱ्या म्हणाला. "पहिला नंबर माझा. आजा माझा. मग आजारी तो कसा?"